भिगवणला होडीत असताना वावधान आलं, होडीवाल्या मामांनी केलं ते बरोबर होतं का?

सईची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण आठ दिवस झाले डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारते. मागच्या रविवारी आम्ही भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलो होतो, मी, नवरा, सासू-सासरे, नणंद आणि माझी सहा वर्षांची लेक. पुण्यातून निघायलाच उशीर झाला, जेवणं वाटेत झाली, होडीत बसलो तेव्हा साडेतीन वाजले होते. ऊन असलं की फळीला हात लागला तरी चटका बसत होता आणि वारा म्हणाल तर अजिबात नाही, पाणी अगदी तेल ओतल्यासारखं. होडीवाले मामा साठीच्या आसपासचे असतील. त्यांनी बसताना सांगितलं जॅकेटं घाला, आम्ही सईला घातलं आणि बाकीच्यांनी उकडतंय म्हणून बुडाखाली घेतली. सईचं जॅकेटसुद्धा मोठ्या माणसाचंच होतं, लहान मापाचं नव्हतंच.

थवा मस्त दिसला, फोटो चालू होते, आणि सव्वाचारच्या सुमाराला इंदापूरच्या बाजूला आभाळ एकदम शाईसारखं झालं. आम्हाला कुणालाच काही वाटलं नाही, लांब आहे म्हटलं. मामांनी मात्र मशीन चालू केलं आणि आवाज चढवून सांगितलं, सगळ्यांनी जाकिटं घाला आणि खाली बसा, फळीवर नको, खाली. मग स्वतः उठून वरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या आणि ताडपत्री गुंडाळून तळात टाकली, भर उन्हात सावली का काढतायत कळेना. तेवढ्यात सगळे रोहित एकदम उठले आणि गार वारा आला, ओल्या मातीचा वास असलेला, आणि पाण्यावर एक काळी रेघ आमच्याकडे धावत येताना दिसली. खरंच धावत.

आता माझा प्रश्न. आमच्या गाड्या होत्या त्या काठाकडे जायचं तर वारा पाठीवर होता. मामांनी होडी बरोबर उलटी वळवली, वाऱ्याच्या तोंडावर, समोर एक मातीचं टोक पाण्यात आलेलं होतं तिकडे. नवरा ओरडला, अहो मामा गाड्या तिकडे आहेत तुम्ही कुठे चाललाय, तर ते एवढंच म्हणाले, दादा आधी खाली बसा. वर मशीन अगदी हळू. मला वाटत होतं जोरात का नेत नाहीत. लाटा पुढून आपटत होत्या, सगळे चिंब, घोट्यापर्यंत पाणी आलं, त्यांनी नणंदेच्या हातात तेलाचा अर्धा कापलेला डबा दिला आणि उपसत राहा म्हणाले, ती बिचारी थांबलीच नाही. दहा-बारा मिनिटं असतील पण मला जन्मभर लक्षात राहतील. त्या टोकाजवळ गेल्यावर पाणी विचित्र शांत होतं. गुडघाभर चिखलात उतरलो, वीस-पंचवीस मिनिटं पाऊस आणि गारा, तिथे एक बाभूळ होती पण मामांनी तिच्याखाली जाऊ दिलं नाही, सगळ्यांना उघड्यावर लांब लांब उकिडवं बसवलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या रडकुंडीला आल्या. सगळं निवळल्यावर त्यांनी आम्हाला गाड्यांपाशी आणून सोडलं तेव्हा नवरा त्यांना नको ते बोलला, की तुमच्यामुळे म्हाताऱ्या माणसांचे हाल झाले, थेट नेलं असतं तर पाच मिनिटांत पोचलो असतो. मामा काहीच बोलले नाहीत.

घरी आल्यावर २०२४ च्या मे महिन्यातल्या उजनीच्या दुर्घटनेबद्दल परत वाचलं आणि तेव्हापासून झोप नीट नाही. कृपया जाणकारांनी सांगा, मामा बरोबर होते का? हळू का नेली? आणि होडी उलटलीच असती तर आम्ही नेमकं काय करायला हवं होतं? मला पोहता येतं, नवऱ्याला थोडंफार, बाकी कुणालाच नाही.

भीमाकाठचा

ताई, सरळ सांगतो, मामांनी तुम्हाला वाचवलं. मी करमाळ्याच्या बाजूचा, घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, लहानपणापासून होडीत.

पहिलं म्हणजे आमच्याकडच्या वळवाचं वारं हे वारं नसतंच, ते वावधान असतं. दुपारभर उकाडा, पान हलत नाही, आणि मग पाऊस यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं नुसता वारा येतो, तोच घात करतो. पावसात होडी उलटत नाही, पावसाआधीच्या वाऱ्यात उलटते. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली होडी तशीच गेली, संध्याकाळची वेळ, सात जण होते, एकच पोहून काठाला लागला आणि सहा जण गेले, त्यात दोन अगदी तान्ही म्हणावी अशी लेकरं होती. आमच्या गावात त्या रात्री चूल पेटली नाही. कित्येक वर्षं लोक असेच इकडून तिकडं जातायत कारण रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा पडतो, त्यामुळं होडी ही आमच्याकडं मौजेची गोष्ट नाही, ती आमची एसटी आहे. म्हणून सांगतोय, मनापासून सांगतोय.

आता तुमच्या काठाचं. वारा ज्या काठाकडं वाहतो त्या काठावर सगळ्या लाटा जाऊन फुटतात. जितकं लांब उघडं पाणी तितकी लाट वाढत जाते, आणि काठाजवळ पाणी उथळ झालं की ती उभी राहते आणि मोडते. तुमच्या गाड्या त्या काठाला. तिथं पोचला असता हो, पण होडी काठाला लावायची कशी? मागून लाट येऊन होडी आडवी करते, आडवी झाली की पुढची लाट आत येते. आणि दुसरी गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. धरण १९८० ला पुरं झालं तेव्हा किती गावं पाण्याखाली गेली, घरं, बांध, विहिरी, बाभळी सगळं खालीच आहे. एप्रिल-मे मध्ये पाणी उतरतं, पळसदेवचं देऊळ उघडं पडतं ते तुम्ही फोटोत बघितलं असेल, मग बाकीच्या भिंती कुठं जाणार? त्या पाण्याखाली हातभर असतात. शांत पाण्यात होडीवाला त्या चुकवतो, लाटांत दिसत नाहीत. मशीनचा पंखा एका खुंटाला लागला की संपलं.

आणि ज्या काठाकडून वारा येतो तो काठ आडोशाचा. तिथं लाट तयारच झालेली नसते. तुम्हाला तिथं पाणी शांत लागलं त्यात विचित्र काही नाही. मामांना ते माहीत होतं म्हणून त्यांनी दहा मिनिटं भिजायचं पत्करलं.

तांडेलाचा_पोर

मी मालवणचा. वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, होते, मी स्वतः बारा वर्षं मासेमारीला गेलो, आता दुसरा धंदा आहे पण दर्या सुटत नाही. वरच्या दादांनी काठाचं छान सांगितलं, मी होडी चालवण्याचं सांगतो, हळू का नेली ते.

होडीच्या पुढच्या टोकाला आम्ही नाळ म्हणतो. वारा सुटला की नाळ लाटेवर ठेवायची, हा पहिला धडा. अगदी सरळ नाकावर नाही, थोडीशी तिरकी, म्हणजे होडी लाटेवर चढते आणि अलगद उतरते. सरळ घेतली तर दाणकन आपटते आणि जास्त तिरकी झाली तर कूस लाटेला मिळते, मग कलंडते. हे सांभाळायचं तर रेस एवढीच ठेवायची की होडी हातात राहील, सुकाणू ऐकेल. जास्त रेस दिली की होडी लाटेवरून उडते आणि पुढच्या लाटेत नाळ घुसवते, तिथून पाणी आत. एकदा तळात पाणी आलं की ते पाणी इकडून तिकडं पळतं आणि होडी स्वतःच्याच पाण्यानं उलटते, म्हणून तुमच्या नणंदेला उपसायला लावलं. ताई, तुमची नणंद त्या दिवशी खलाशी होती, तिला माझा सलाम सांगा.

वारा पाठीवर घेऊन पळणं सगळ्यात सोपं वाटतं आणि तेच सगळ्यात फसवं. लाट मागून उचलते, होडी घसरगुंडीवरून घसरल्यासारखी पळते, मग नाळ खाली रुतते आणि मागची बाजू गर्रकन फिरते. पट्टीच्या तांडेलालाही तिथे हात जड होतो. पर्यटकांनी भरलेल्या उथळ होडीत तर नकोच.

ताडपत्री काढली ते तर सोन्यासारखं काम केलं. सावलीचं छत म्हणजे वादळात शीडच की. न मागितलेलं शीड. आणि होडी उलटली तर त्याच छताखाली माणसं अडकतात.

समजा मशीन बंद पडलं. तर होडी आपोआप आडवी होते, ती होऊ द्यायची नाही. नांगर नाळेवरून टाकायचा, दोरी भरपूर सोडायची. घाईत लोक जवळ आहे म्हणून मागून नांगर टाकतात, मग मागची बाजू लाटेला धरून राहते, तिथे मशीनसाठी फळी बुटकी असते आणि दोन लाटांत होडी भरते. नांगर तळाला लागत नसेल इतकं खोल असेल तर बादलीला दोरी बांधून ती नाळेवरून सोडायची, ती पाण्यात ओढ देते आणि तोंड वाऱ्याकडे राहतं. बादली नसेल तर जाळं, गोणपाट, काहीही जे पाणी धरेल.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा मी दर्यात होतो. पाऊस संपलेला, दिवाळी झालेली, कोणाच्या ध्यानीमनी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी जण त्या दिवशी परत आले नाहीत. आम्ही वाचलो कारण वडिलांनी घरच्या खाडीचा हट्ट धरला नाही. ओहोटी लागलेली होती, खाडीतून पाणी बाहेर ओढत होतं आणि समोरून वारा, अशा वेळी खाडीच्या तोंडावर लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. घर दिसत होतं. आमच्या घरचा माड मला दिसत होता. वडील म्हणाले, घराक मरूचा नाय, म्हणजे घरासाठी मरायचं नाही, आणि होडी वर देवगडच्या बाजूला घेतली, तिथल्या बंदराला डोंगराचा आडोसा आहे. त्या दिवशी घराकडे वळलेली आमच्या ओळखीची एक होडी मी परत बघितली नाही. तेव्हा तुमच्या मिस्टरांना सांगा, गाड्या दिसत असतात म्हणून माणूस तिकडे धावतो, त्यात त्यांचं वेगळं काही नाही, मीही त्या दिवशी वडिलांवर ओरडलो होतो.

वेगवान_८२

बाकी सगळं ठीक पण होडी उलटली तर ज्याला पोहता येतं त्यानं सरळ काठ गाठावा आणि मदत आणावी असं मला वाटतं. धरणातलं पाणी, समुद्र थोडीच आहे, काठ दिसत असतो. मी रोज दोन किलोमीटर पोहतो टाकीत. ताईंनी मुलीला पाठीवर घेऊन आरामात काठ गाठला असता.

जहाजी_नाशिककर

वेगवानदादा, राग मानू नका पण हा सल्ला कुणी मनावर घेऊ नये म्हणून लगेच लिहितोय. मी मर्चंट नेव्हीत वीस वर्षं काढली, लाईफबोटीची ट्रेनिंगं दिलीत.

टाकीतल्या दोन किलोमीटरचा आणि लाटांमधल्या दोनशे मीटरचा संबंध नाही. लाटेत डोकं पाण्याच्या पातळीवर असलं की काठ दिसतच नाही, दिशा कळत नाही, तोंडात पाणी जातं, अंगावर जीन्स आणि पायात बूट, आणि पाठीवर घाबरलेलं मूल जे गळा आवळतं. पाण्यावरून काठ जवळ दिसतो तेवढा तो नसतो, भले भले अर्ध्यात संपतात. होडी उलटली की होडी सोडायची नाही, हा नियम जगभर एकच आहे. लाकडी किंवा फायबरची होडी उलटली तरी बहुतेक वेळा तरंगत राहते. तिला धरायचं, जमलं तर लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तिच्या पाठीवर चढवायचं, कारण शरीर जितकं पाण्याबाहेर तितकी ताकद टिकते. आणि शोधायला येणाऱ्यांना उलटलेली होडी लांबून दिसते, एकटं डोकं दिसत नाही.

उलटल्या उलटल्या पहिलं काम मोजणी. आपण किती होतो, किती वर आलो, मोठ्यानं नावं घ्या. एखादा खाली होडीच्या पोटात अडकलेला असू शकतो, तिथे थोडी हवा असते, तो टकटक करतो. मग एकमेकांचे हात किंवा जॅकेटचे पट्टे धरून गोल करायचा, मूल मधे. मे महिन्यातलं आपल्याकडचं पाणी कोमट असतं, थंडीनं मरण्याची भीती तितकी नाही, जॅकेट असेल तर माणूस तासन्‌तास तरंगतो. घाबरून हातपाय मारण्यानंच दमतो.

आणि म्हणून खरा विषय जॅकेटचा आहे. ताई, तुम्ही लिहिलंत की बाकीच्यांनी बुडाखाली घेतलं होतं. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालता येत नाही. मी ट्रेनिंगला येणाऱ्या धडधाकट पोरांना पोहण्याच्या तलावात, शांत पाण्यात, जॅकेट हातात देऊन घाला म्हणायचो, निम्म्यांना जमायचं नाही. वादळात तर विसराच. शिवाय रोज कुणी ना कुणी त्यावर बसलं की आतला फोम दबतो आणि तरंगण्याची ताकद जाते, त्यामुळे बुडाखाली घेणं म्हणजे पुढच्या माणसाचं जॅकेटही खराब करणं.

मुलीच्या जॅकेटची परीक्षा सोपी आहे. घालून सगळे पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचला. ते हनुवटीच्या वर, कानापर्यंत गेलं तर पाण्यात मूल खालून निसटेल. मोठ्या माणसाच्या जॅकेटमध्ये सहा वर्षांचं मूल हमखास निसटतं. मुलांची जॅकेटं वजनावर मिळतात, वयावर घेऊ नका, वजनाचा आकडा आतल्या लेबलवर असतो. दोन पायांच्या मधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या, तो पट्टा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. मान टेकायला कॉलर हवी म्हणजे मूल घाबरून गप्प पडलं तरी तोंड वर राहतं. आणि एक शिट्टी बांधा त्याला, ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते.

ढगवेडी

मी हवामानाची हौशी, नोकरी वेगळी आहे पण आभाळ बघणं सुटत नाही. ताईंनी लिहिलेली पाण्यावरची काळी रेघ म्हणजे वादळी ढगातून खाली कोसळलेली गार हवा. ढगात पाऊस आणि गारा तयार झाल्या की त्यांच्यासोबत जड गार हवा धपकन जमिनीवर आदळते आणि चारी बाजूंना पसरते, ढगाच्या कित्येक किलोमीटर पुढे. म्हणून ढग लांब असतो, डोक्यावर ऊन असतं, आणि वारा मात्र पोचलेला असतो. भीमाकाठच्या दादांनी तेच सांगितलं, मी फक्त कारण सांगितलं. अचानक गार वारा आणि मातीचा वास आला म्हणजे तुमच्याकडे घड्याळात मिनिटं उरलीत, तेवढ्यात जॅकेट, खाली बसणं, छत काढणं आणि आडोसा धरणं, एवढंच होतं आणि मामांनी बरोबर तेवढंच केलं.

विजेचं अंतर मोजायचं असेल तर चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तोवर तुम्ही पाण्यावर नसायलाच हवं. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्यात शिरायचं नाही, ऊन पडलं तरी. मामा लगेच निघाले नाहीत त्याचं कारण हेच असणार. सपाट पाण्यावर होडीतला माणूस सगळ्यात उंच असतो, त्याखालोखाल सपाट काठावरची एकटी बाभूळ, म्हणून तिथे जाऊ दिलं नाही. उकिडवं, पाय जुळवून, एकमेकांपासून लांब, बरोबर बसवलं तुम्हाला. उघड्यावर असं बसणं हा शेवटचा उपाय, पत्र्याचं छत असलेली गाडी किंवा पक्कं घर जवळ असतं तर तेच चांगलं, पण तिथे दुसरं काय होतं?

दामिनी नावाचं ॲप आहे, पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं, आसपास वीज कुठे पडतेय ते दाखवतं. फुकट आहे, टाकून ठेवा. आणि एप्रिल-मे मध्ये भिगवणला जायचं तर सकाळी जा हो, वळीव बहुतेक दुपारनंतरच येतो, शिवाय सकाळी पक्षीही जास्त आणि उजेडही चांगला. साडेतीनची वेळ हीच खरी चूक होती, ती मामांचीही थोडी म्हणेन, त्यांनी नाही म्हणायला हवं होतं.

भीमाकाठचा

ढगवेडीताई, शेवटचं तेवढं पटतंय आणि पटत नाहीये. नाही म्हणायला हवं हे खरं. पण पुण्याहून शंभर किलोमीटर आलेलं गिऱ्हाईक आणि सीझन चार-पाच महिन्यांचा, त्यात रविवार, नाही म्हटलं तर शेजारचा होडीवाला नेतो. वर त्याच गिऱ्हाइकाच्या शिव्या. तुम्ही लोकांनीच म्हणा की मामा आभाळ बरं दिसत नाही, आज राहू द्या, पैसे घ्या निम्मे. असं म्हणणारा गिऱ्हाईक मी आयुष्यात दोनदा बघितलाय आणि दोन्ही वेळा होडीवाल्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं बघितलंय.

कॅन्सससिटी_मराठी

इकडून एक गोष्ट सांगते. आम्ही राहतो तिथून गाडीनं तीन-चार तासांवर ब्रॅन्सन नावाचं गाव आहे, मिझुरी राज्यात, तिथे टेबल रॉक तलाव आहे. १९ जुलै २०१८ ला तिथली एक पर्यटकांची डक बोट, म्हणजे रस्त्यावरही चालते आणि पाण्यातही, अशाच वादळी वाऱ्यात बुडाली. ३१ जण होते, १७ गेले, एका कुटुंबातले तर नऊ. वादळाचा इशारा आधीच दिलेला होता. जॅकेटं डोक्यावरच्या कप्प्यात होती, कुणाच्या अंगावर नव्हती. आणि त्या बोटीला वर पक्कं छत होतं, त्यानं माणसं आत अडकली. १९९९ मध्ये शेजारच्या आर्कान्सा राज्यात अशीच बोट बुडून १३ जण गेले होते आणि तेव्हाच तपास करणाऱ्यांनी छतं काढा म्हणून बजावलं होतं.

हे वाचून मला इतकंच वाटलं की तुमच्या त्या मामांनी कुठलाही अहवाल न वाचता ताडपत्री आधी सोडली. आम्ही इकडे तलावावर गेलो की माझा मुलगा जॅकेटवरून रोज कुरकुर करतो, आता मी त्याला हा धागा वाचून दाखवणार आहे.

इंदापुरी

फोनचं कुणी लिहिलं नाही. होडी अडकली किंवा उलटली तर कोस्ट गार्डचा १५५४ नंबर सगळे फॉरवर्ड करतात, पण तो समुद्रासाठी. धरणात ११२ लावा. आणि फोन पाण्यात गेला की नंबर काय कामाचा, साधी प्लास्टिकची गळ्यात अडकवायची पिशवी मिळते, त्यात घालून बसा. होडीत बसायच्या आधी काठावरच्या कुणाला तरी किती जण चाललोय आणि किती वाजता परत येणार ते सांगून ठेवा. उशीर झाला तर शोधायला कुणीतरी निघेल तरी.

तांडेलाचा_पोर

हे बरोबर. दर्यात मात्र १५५४ पाठ असूच द्या, आणि बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६. मालवणला येणाऱ्यांसाठी अजून एक सांगतो, २५-२६ मे नंतर किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, तेव्हा कुणी गुपचूप नेतो म्हणाला तर बसू नका, कितीही ऊन पडलेलं असू दे. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागला की आमचे वडील जाळं घेऊन घरी यायचे, समोर दर्या कितीही निवांत दिसला तरी.

वेगवान_८२

जहाजीसाहेब, वाचलं. काल रात्री परत वाचलं. मी लिहिलेलं चुकीचं होतं, मी होडीत असतो तर खरंच पोहत निघालो असतो आणि बाकीच्यांना सोडून. पोस्ट काढत नाही, खाली तुमचं उत्तर आहे म्हणून राहू दे.

सईची_आई

सगळ्यांचे खूप आभार, एकेक उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. तांडेलदादांचं खाडीचं वाचताना तो गप्प झाला आणि मग स्वतःहून म्हणाला, नंबर आहे ना मामांचा, लाव. बुकिंगच्या वेळचा नंबर होता. त्यानंच बोलून माफी मागितली. मामा म्हणाले, अहो दादा लेकरू होतं ना बरोबर, माणूस घाबरतो, त्यात काय. मग मी फोन घेतला आणि विचारलं, मामा, गाड्यांच्या काठाला पाण्याखाली खरंच भिंती आहेत का? तर म्हणाले, आहेत की, आमचं जुनं गाव आहे तिथं. मी शाळेला त्याच वाटेनं जायचो, कुठली भिंत कुणाची ते मला झोपेत पण सांगता येईल, पण लाट असली की नाही दिसत.

मी थोडा वेळ काही बोलूच शकले नाही.

येत्या रविवारी परत जातोय, सकाळी साडेसहाची वेळ त्यांनीच दिली आणि म्हणाले आभाळ खराब असलं तर मी पहाटे फोन करीन, निघू नका. सईचं जॅकेट काल आलं, वजनावर घेतलं, पायांमधल्या पट्ट्याचं, खांदे धरून उचलून बघितलं, हनुवटीच्या खालीच राहतं. अजून एक तसलंच मागवलंय, ते मामांच्या होडीत ठेवायला, पुढच्या कुणाच्या लेकरासाठी. जहाजीदादा, पंधरा ते वीस किलोचं घेतलंय, लहान मुलांसाठी होडीत एकच ठेवायचं तर हेच माप बरं की अजून लहान?

जहाजी_नाशिककर

अजून लहान घ्या, ताई. मोठं मूल लहान जॅकेटमध्ये कसंबसं तरी तरंगतं, लहान मूल मोठ्यातून निसटतं. पण शक्य असेल तर दोन मापं ठेवा, एकाचे पैसे मी पाठवतो. आणि मामांना सांगा, वापरून झालं की सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, आणि त्यावर कुणाला बसू द्यायचं नाही.